खिळा, कागद आणि आपली नावं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर जेवण आहे. त्यामुळे वेळ पाळण्याची काळजी मी करायची गरज नाही, ती तुम्हीच कराल. विषय मात्र मी माझ्या धंद्यातलाच मागून घेतला. पस्तीसहून अधिक वर्षं मी छपाईत काढली. सुरुवात खिळे जुळवण्यापासून झाली, मग ऑफसेट, मग संगणक. आपली स्मरणिका निघणार आहे आणि तिची जबाबदारी समितीने माझ्याकडे दिली आहे. तेव्हा कागद, छपाई आणि अक्षर या तीन गोष्टींबद्दल बोलतो. शेवटी तुमच्याकडे तीन मागण्या आहेत.

आपण सगळे कित्ता गिरवलेली माणसं. चित्रकलेच्या सरांनी बोरू तासायला शिकवला होता, आठवत असेल. बोरूचं टोक तिरकं कापायचं, आणि कशा बाजूने कापायचं हे ते हात धरून दाखवायचे. त्या तिरक्या कापामुळेच अक्षराला एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक रेघ मिळते. इंग्रजी अक्षरासाठी लेखणीचा काप एका बाजूला झुकतो, देवनागरीसाठी उलट्या बाजूला. म्हणून इंग्रजी टाकाने काढलेलं ‘क’ कसंतरीच दिसतं. आजचा संगणकातला फॉन्ट घ्या. चांगला असेल तर त्याच्या आत तो बोरूचा काप अजून दिसतो. अक्षराचं वळण हातातून धातूत गेलं, धातूतून पडद्यावर आलं.

हा प्रवास सोपा नव्हता. भारतात पहिला छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली, जेझुइट पाद्र्यांबरोबर. त्याच गोव्यात, रायतूर इथे, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे नव्हते, आणि ते पाडायचे तर अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं धरून संख्या फार मोठी होत होती. पुढे सतराव्या शतकात भीमजी पारेख नावाच्या गुजराती व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीकडून मुद्रक मागवला. १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईत आला. त्याला छापता येत होतं, पण आपल्याकडच्या अक्षरांचे खिळे करता येत नव्हते. यंत्र आलं, माणूस आला, आणि अक्षरापाशी काम अडलं.

मराठी देवनागरी खिळ्यांत उतरलेली दिसते ती थेट बंगालमध्ये. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, ते देवनागरीत. १८१० साली त्यांनी मराठी-इंग्रजी कोश काढला, तो मोडीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

मग मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजी या माणसाला वाटलं, हे आपल्यालाही जमलं पाहिजे. त्यांनी शिळाछापाचं यंत्र उभं केलं, शाई स्वतः बनवून पाहिली, आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढलं. त्या काळी छापील कागदाला शिवायला न धजणारी माणसं होती. शाईत चरबी असेल अशी शंका. अशा माणसांच्या घरात छापील पंचांग नेऊन ठेवणं म्हणजे काय धाडस असेल! पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं.

त्यानंतरचं नाव जावजी दादाजींचं. हा मुलगा लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागला. ओतून आलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करणं हे तिथलं सगळ्यात खालचं काम. तोच मुलगा पुढे ‘निर्णयसागर’चा मालक झाला. राणूजी रावजी आरू यांच्या हाताची त्यांना जोड मिळाली आणि निर्णयसागरचे खिळे देशभर गेले. संस्कृतची पुस्तकं वाचणारा काशीचा पंडित मुंबईत पाडलेली अक्षरं वाचू लागला. आपल्याकडे ज्याला आपण ‘नीट अक्षर’ म्हणतो, त्याची डोळ्यांना लागलेली सवय बरीचशी या माणसांनी लावलेली आहे.

आता मोडीकडे येतो. आपल्या पणजोबांची पत्रं, खतं, हिशेब मोडीत आहेत. रोजचं लिहिणं मोडीत व्हायचं आणि पोथी बाळबोधीत. मोडीचे खिळे निघाले होते, १८१० चा कोश त्याचा पुरावा आहे. पण छापखान्यांनी हळूहळू बाळबोधच धरली, शाळेची पुस्तकं बाळबोधीत आली आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली पत्रं घरातल्याच माणसांना वाचता येईनाशी झाली. आज जमिनीचा जुना कागद निघाला की आपण मोडी वाचणारा माणूस शोधत फिरतो. मोडी वाईट होती म्हणून गेली असं नाही. जे छापलं जात नाही ते आधी वाचनातून जातं आणि मग हातातून जातं. आजच्या भाषणातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

माझ्या पिढीने खिळ्यांचा शेवटचा काळ पाहिला. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव तुकडा. नुसतं शिसं मऊ, म्हणून अँटिमनी. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलतो आणि उलटी ओळ वाचत जातो. इंग्रजीचं काम दोन केसांत भागतं. देवनागरीला अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार धरून शेकडो घरं लागतात. ‘द्ध’ कुठे, ‘ह्म’ कुठे, ‘त्त’ कुठे, हे डोळ्यांना न विचारता हाताला माहीत असावं लागतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सातवी शिकलेले होते, पण लेखकाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते स्टिकमध्येच दुरुस्त करायचे. लेखकाला पत्ताही लागायचा नाही.

आणि खिळ्यांचे त्रासही होते. मात्रा, रफार, अनुस्वार खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबकळत. दाबाखाली ते मोडत. जुन्या पुस्तकांत अनुस्वार उडालेला दिसतो तो नेहमी लेखकाच्या अज्ञानाने गेलेला नसतो, कधी कधी यंत्राखाली तुटलेला असतो. या शेकडो घरांना कंटाळून अनेकांनी लिपी सुटसुटीत करण्याचा विचार केला. खुद्द लोकमान्य टिळकांनी केसरीच्या व्यापातून वेळ काढून खिळ्यांची संख्या कमी करण्यावर काम केलं होतं. बापूराव नाईकांनी या सगळ्या प्रयत्नांचा अभ्यास करून देवनागरीच्या मुद्रणावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९७१ साली शासनाच्या भाषा संचालनालयाने काढला. म्हणजे अक्षराची काळजी फक्त छापखानेवाले करत होते असं नाही.

मग संगणक आला. माझ्या धंद्यातल्या पुष्कळांना वाटलं, आता कटकट संपली. एका अर्थी संपलीही. शिसं गेलं, खिळा मोडायची भीती गेली. पण सुरुवातीच्या मराठी फॉन्टांची एक अडचण होती. प्रत्येकाचा अक्षरक्रम वेगळा. एका संगणकावर केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की चौकोन आणि चिन्हं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तयार केलेला कितीतरी मराठी मजकूर आज नुसता उघडून वाचता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचता येतं, आणि १९९५ ची फ्लॉपी वाचता येत नाही.

युनिकोडने ही अडचण सोडवली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पण तिथेही मराठीला वाट पाहावी लागली. ‘ॲ’ हे आपलं अक्षर, ‘ॲडमिशन’मधलं, त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोपर्यंत आपण ‘अ’वर चंद्र चिकटवून वेळ मारून नेत होतो.

फॉन्टच्या बाजूनेही कष्ट झाले आहेत. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार. अनेकांनी तो फॉन्ट रोज वापरला आणि त्यामागे मराठी कवीचा हात आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आज मुंबईतल्या ‘एक टाइप’सारख्या गटाने केलेले ‘मुक्त’, ‘बलू’ हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. जावजींच्या काळात एक टाइप विकत घ्यायला छापखान्याला भांडवल लागायचं, आज तुमच्या नातीला फोनवर मिळतो. म्हणजे साधनांची तक्रार करायला आता जागा नाही. आता प्रश्न आहे तो आपण काय मागतो याचा.

तीन उदाहरणं देतो, तिन्ही आपल्या स्मरणिकेतली.

पहिलं. आज स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचे आपण स्मरणिकेत आभार मानणार आहोत. ‘आचाऱ्यांचे आभार’ असं छापायचं आहे. ते ‘आचार्यांचे आभार’ छापलं गेलं, तर स्वयंपाकघरातल्यांचे आभार व्यासपीठावरच्या गुरुजनांना जातील. (गुरुजनांची हरकत नसावी, पण आचारी रुसतील.) डोंगरातल्या ‘दऱ्या’ वेगळ्या आणि कोळ्यांचा ‘दर्या’ वेगळा. हा अर्ध्या चंद्रासारखा ‘ऱ’ मराठीत नुसता शोभेला नाही, त्याने अर्थ बदलतो. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार करून केलेल्या फॉन्टमध्ये तो नीट बसेलच असं नाही. आपल्या वर्गात कुऱ्हाडे होते. त्यांचं आडनाव ‘कुर्हाडे’ असं रफार देऊन छापलेलं मी आमंत्रणपत्रिकांवर पाहिलं आहे. फोनवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, पाय मोडा आणि पुढे ‘य’ किंवा ‘ह’ लिहा. एवढंच करायचं आहे.

दुसरं. ‘शुद्ध’, ‘श्रद्धा’, ‘सिद्धार्थ’. यात आधी ‘द’, मग ‘ध’. तोंडाने म्हणून पाहा, कळेल. पण दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर ‘शुध्द’, ‘श्रध्दा’ असं सर्रास दिसतं. खिळ्यांच्या केसमध्ये ‘द्ध’ला स्वतःचं घर होतं, त्यामुळे हात चुकत नसे. टंकलेखन यंत्रावर घरं कमी, म्हणून जोडाक्षरं तोडून बसवायची सवय लागली, आणि यंत्र गेलं तरी ती सवय राहिली. मराठीच्या बाईंनी ‘शुध्दलेखन’ असं लिहिलेल्या वहीचं काय केलं असतं हे मी सांगायला नको. बाई समोरच बसल्या आहेत.

तिसरं उदाहरण डोळ्यांना पटकन दिसत नाही. मराठीचा ‘ल’ दोन सारख्या पाकळ्यांचा असतो. हिंदीच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चंही वळण दोन्हीकडे वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीची वळणं ठरवून दिली. पण युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना क्रमांक एकच, त्यामुळे कोणतं वळण दिसेल हे फॉन्टवर ठरतं. बहुतेक ठिकाणी आपोआप हिंदी वळण येतं. हिंदी वळणात वाईट काही नाही, ते हिंदीचं आहे. पण आपल्या नातवंडांना पाटीवर एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा ‘ल’ दिसतो, आणि पडदा जिंकतो. मोडीची गोष्ट आठवा. मराठी वळणाचे फॉन्ट मिळतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा तर नावातच मराठी घेऊन येतो आणि तोही फुकट आहे. आपली स्मरणिका मराठी वळणातच निघेल, एवढा शब्द मी देतो.

आता कागद. समितीत कोणीतरी सुचवलं की सबंध स्मरणिका गुळगुळीत आर्ट पेपरवर काढू, श्रीमंत दिसेल. दिसेल खरी. पण आर्ट पेपरवर दिवा चकाकतो, आणि आपल्या सगळ्यांचे डोळे आता चष्म्यातले आहेत. फोटोंना आर्ट पेपर, मजकुराला साधा मॅपलिथो, हे जुनंच गणित बरोबर आहे. कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा. झेरॉक्सचा ए-फोर कागद ८० जीएसएमचा असतो. असे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा. अंक पोस्टाने पाठवायचा असेल तर हे गणित खिशाला कळतं.

पानांचा हिशेबही सांगून ठेवतो. पुस्तक फर्म्यांत छापतात, आणि फर्मा सोळा पानांचा. ९६ पानं म्हणजे बरोबर सहा फर्मे. तेव्हा ‘माझी फक्त एकच कविता शेवटी घाला’ असा आग्रह धरणाऱ्यांनी सत्याण्णवाव्या पानाबरोबर आणखी पंधरा पानांचं साहित्यही आणावं.

कागदाला दिशा असते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला पडतात. त्या दिशेने घडी सरळ बसते, आडव्या दिशेने मोडते. पुस्तकात तंतू पाठीच्या शिवणीला समांतर हवेत. नसले तर पानं कडक राहतात, पुस्तक उघडून ठेवलं की आपोआप मिटतं. एक तुकडा ओला करून बघा, त्याची नळी ज्या दिशेला लांब होते ती तंतूंची दिशा. छापखानेवाल्याला हे विचारा, तो तुमच्याशी जरा जपून वागेल.

कागदाचं बोलतो आहे ते आणखी एका कारणासाठी. आपल्या शाळेच्या वाचनालयाच्या कपाटात जुन्या हस्तलिखितांचे अंक आहेत. मागच्या महिन्यात ते पाहून आलो. पानं पिवळी पडली आहेत, कोपरे दुमडले की तुटतात. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, ते उजेडात आणि हवेत पिवळं पडतं. त्यात कागद आम्लयुक्त असला तर तंतूच ठिसूळ होतात. या अंकांत आपल्या हातचं अक्षर आहे, चित्रं आहेत. आज हयात नसलेल्या दोन शिक्षकांची संपादकीयं त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. दौलताबादजवळ कागझीपुऱ्यात हातकागद बनत आला, तशा चिंध्यांच्या कागदावरची जुनी दफ्तरं टिकून आहेत. आपल्या काळचा वहीचा कागद तेवढा टिकणार नाही.

म्हणून आता तीन मागण्या.

पहिली हस्तलिखितांसाठी. ती लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी पुढे कागद अधिक खराब होतो. पिना काढायच्या, अंक आडवे ठेवायचे, ओल आणि कसर यांपासून जपायचे आणि प्रत्येक पानाचं स्कॅनिंग करायचं. यासाठी चार शनिवार देणारी सहा माणसं हवी आहेत. पैसे नंतर बघू, आधी माणसं.

दुसरी मागणी घरातल्या कागदांसाठी. शाळेचे फोटो, प्रगतिपुस्तकं, निरोपसमारंभाच्या पत्रिका असतील तर फोटोच्या मागे नावं लिहा. शाईच्या पेनाने नको, मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. कोण कोण आहे हे सांगणारी माणसं आपल्यानंतर नसतील.

तिसरी मागणी स्मरणिकेसाठी. वर्गाच्या यादीचं प्रूफ नोंदणीच्या टेबलावर ठेवलं आहे. त्यात आपली सगळ्यांची नावं आहेत, आणि वेगळ्या चौकटीत, आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रांची. आपलं नाव आपण तपासाल. पण त्या चौकटीतलं नाव तपासायला ती माणसं येणार नाहीत. ज्याने ज्याच्याशेजारी बाक काढला त्याने त्याचं नाव वाचावं. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, वडिलांचं नाव, सगळं. फेसबुकवरची चूक उद्या दुरुस्त करता येते. छापलेलं नाव तसंच राहतं, आणि पन्नास वर्षांनी कोणी ते वाचलं तर तेच खरं धरेल.

जेवायला जाताना वाटेतच ते टेबल आहे. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे, कारण आपला वर्ग मला माहीत आहे.